नवा चिंचिला आधी महिनाभर वेगळा का ठेवायचा?

दत्तक घेतलेला चिंचिला, म्हणजे उंदीर-खारींच्या कुळातला दाट मऊ फरचा छोटा प्राणी, घरी आला की पहिला महिनाभर त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, असे सांगितल्यावर बहुतेक लोक बुचकळ्यात पडतात. प्राणी अंगापिंडाने चांगला दिसतो, डोळे स्वच्छ आहेत, पशुवैद्याने तपासून दिला आहे, आणि तरीही त्याला घरातल्या मुलांपासून व आधीच्या प्राण्यांपासून दूर ठेवायचे म्हणजे जरा अतिच होते आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात पुण्यातल्या दोन बेडरूमच्या घरात एक खोली मोकळी करायची, आणि तीही थंड राहणारी, हे काही सोपे काम नव्हे. विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे केंद्र सरकारचे नियम २०२४ मध्ये आले, तेव्हापासून या प्राण्यांविषयीची चर्चा बहुतेक कागदपत्रांभोवतीच फिरते आहे. प्राणी घरात आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत काय करायचे आणि ते का करायचे, हा भाग मागे पडतो. या लेखात तोच भाग घेतला आहे.

हा प्राणी मुळात कुठला?

चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगेचा रहिवासी आहे. कोरडी हवा, थंड रात्री, खडकांच्या कपारी आणि खरखरीत, कमी पोषणाचे गवत या परिस्थितीत तो घडला आहे. उंदीर-खारींच्या कुळातला हा प्राणी साधारण ४०० ते ६०० ग्रॅम वजनाचा असतो, पाळीव वंशात काही प्राणी याहून जड होतात, आणि नीट सांभाळला तर तो दहा ते वीस वर्षे जगतो. त्याच्या कातडीतल्या एकेका छिद्रातून पन्नासहून अधिक केस उगवतात. या दाट मऊ फरमुळेच त्याची इतकी शिकार झाली की त्याच्या दोन्ही जाती आज संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत आहेत. १९२३ साली मॅथियास चॅपमन नावाच्या अमेरिकन खाण अभियंत्याने चिलीहून अकरा चिंचिला कॅलिफोर्नियाला नेले, आणि आज जगभर पाळले जाणारे बहुतेक चिंचिला त्या छोट्याशा कळपाचे वंशज मानले जातात. तो कळपही लाड करण्यासाठी नेलेला नव्हता. फरसाठीच नेलेला होता.

पुढच्या सगळ्या सूचना या पार्श्वभूमीतून येतात. दाट फर थंडीसाठी आहे, त्यामुळे उष्णता त्याला सोसत नाही. पचनसंस्था सतत गवत चघळण्यासाठी आहे, त्यामुळे खाणे थांबले की ती बंद पडू लागते. आणि हा भक्ष्य प्राणी आहे, म्हणजे शिकारी प्राणी ज्यांच्यावर जगतात त्यांपैकी एक. अशा प्राण्यांमध्ये जो आजारी दिसतो तो आधी उचलला जातो. म्हणून चिंचिला आजार लपवतो. तो कण्हत नाही, लंगडत नाही, कोपऱ्यात पडून राहत नाही. लक्षणे डोळ्यांना दिसू लागतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

विलगीकरण म्हणजे नेमके काय?

करोनाच्या काळात हा शब्द घरोघरी पोचला. इथे त्याचा अर्थ एवढाच, की नवा प्राणी ठरावीक काळ इतर प्राण्यांपासून अशा रीतीने वेगळा ठेवायचा, की हवा, भांडी, कपडे किंवा हात यांमार्फत एकाकडचे जंतू दुसऱ्याकडे जाऊ नयेत, आणि त्या काळात त्याचे रोज निरीक्षण करायचे. लोक पहिला भाग लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात. महिनाभर खोलीत बंद केला, दोन वेळा खायला घातले आणि महिना संपल्यावर बाहेर काढला, तर त्याला विलगीकरण म्हणता येणार नाही.

वर्षाचे धान्य भरणाऱ्या घरांत नव्या पोत्यातला गहू जुन्या कोठीत थेट ओतत नाहीत. पोते वेगळे ठेवतात, ऊन देतात, काही दिवसांनी पुन्हा हात घालून पाहतात, कारण किड्याची अंडी दाण्याच्या आत असतात आणि पहिल्या दिवशी कितीही निवडले तरी ती दिसत नाहीत. दिसतात तेव्हा दाण्यांना भोके पडलेली असतात, आणि तोवर ते धान्य कोठीत गेलेले असेल तर कोठीच खराब होते. नव्या चिंचिलाच्या बाबतीत हेच घडते. फक्त इथे ऊन देता येत नाही, वेळच द्यावा लागतो.

महिनाच का? आठवडा का नाही?

प्रत्येक आजाराला बाहेर दिसायला लागणारा काळ वेगळा असतो. प्रवासाच्या ताणाने खाणे बंद झाले असेल, तर ते एका दिवसात कळते. फुप्फुसाचा जंतुसंसर्ग अंगात असेल, तर शिंका, नाकातून स्राव, श्वासाचा आवाज अशी लक्षणे बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसू लागतात. नायटा, म्हणजे कातडीवरची बुरशी, संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी उमटते. आतड्यातला जिआर्डिया नावाचा सूक्ष्म परजीवी लेंड्यांतून रोज बाहेर पडत नाही. आज नमुना स्वच्छ आला म्हणून तो नाही असे ठरत नाही, आणि यासाठीच वेगवेगळ्या दिवशी घेतलेले तीन नमुने तपासायला सांगतात. शिवाय अनेक चिंचिलांच्या पोटात हा परजीवी काही त्रास न देता राहतो आणि जागा बदलण्याचा ताण आला की जुलाबाच्या रूपाने डोके वर काढतो.

हे सगळे काळ एकावर एक ठेवले की तीन ते चार आठवडे भरतात, आणि मधे काही उपचार करावे लागले तर मुदत उपचार संपल्यापासून नव्याने मोजावी लागते. महिना हा आकडा असा आला आहे. दोन आठवड्यांवर भागवणारेही लोक आहेत आणि घरात दुसरे प्राणी नसतील तर ते समजण्यासारखे आहे; पण घरात आधीचा चिंचिला असेल तर माझ्या मते महिन्याच्या आत घाई करण्यासारखे काहीच नसते. वीस वर्षे जगू शकणाऱ्या प्राण्याच्या आयुष्यात दोन आठवडे इकडे किंवा तिकडे.

दातांचा प्रश्न मात्र महिन्यातही सुटत नाही. चिंचिलाचे सगळेच दात, पुढचे आणि दाढाही, आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चघळूनच झिजतात. आधीच्या घरी गवताऐवजी बिया, सुका मेवा आणि गोडधोड मिळाले असेल, तर दाढा वेड्यावाकड्या वाढतात आणि त्यांची मुळे जबड्यात आणि डोळ्याच्या दिशेने शिरतात. पुढचे पिवळे-नारिंगी दात पाहून घाबरू नये, निरोगी चिंचिलाचे दात त्याच रंगाचे असतात. पांढरे दिसले तर विचारावे. एका डोळ्यातून पाणी येणे, हनुवटीखालची फर ओली राहणे, गवत सोडून फक्त पेलेट्स, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या, उचलणे, या दाढांच्या दुखण्याच्या खुणा आहेत. दाढा नीट पाहायच्या तर भूल आणि डोक्याचा एक्स-रे लागतो. जागेपणी तोंडात डोकावून केलेली तपासणी अपुरी असते.

खोली कोणती निवडायची?

पुण्यात हा प्रश्न जंतूंपेक्षाही आधी सोडवावा लागतो. चिंचिलाला साधारण १५ ते २१ अंश सेल्सिअस तापमान मानवते, २५ अंशांच्या वर धोका सुरू होतो आणि त्यात हवा दमट असेल तर तो झपाट्याने वाढतो. आपले एप्रिल-मेचे दिवस चाळिशीला टेकतात. म्हणजे विलगीकरणाची खोली ही एसी असलेलीच खोली हवी, आणि घरात आधीचा चिंचिला असेल तर त्याची एसी खोली वेगळी, याची वेगळी. एकच एसी असलेल्या घराने उन्हाळ्यात दुसरा चिंचिला आणू नये, हे मी स्पष्ट सांगेन. दोघांना एका खोलीत दोन टोकांना ठेवले तर ते विलगीकरण राहत नाही, आणि नव्याला बाहेरच्या खोलीत ठेवले तर तो नायट्याच्या आधी उष्माघाताने जाईल.

पंख्याने काम भागेल का, असे विचारले जाते. चिंचिलाला आपल्यासारखा घाम येत नाही; तो उष्णता मुख्यतः मोठ्या पातळ कानांतून बाहेर टाकतो. घाम सुकून गारवा येण्याचा फायदा त्याला नाही, त्यामुळे गरम खोलीतला पंखा त्याच्यावर गरम हवाच फिरवतो. पाण्याचा कूलर तर हवेतला ओलावा वाढवतो, म्हणजे दुहेरी तोटा. शहाबादी फरशीचा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा पिंजऱ्यात ठेवावा, तो त्यावर पोट टेकून बसतो. पण ही जोड आहे, एसीला पर्याय नाही.

पुण्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार इथे बहुधा गुरुवार असतो, आणि घरातला साधा इन्व्हर्टर एसी ओढत नाही. मार्च ते जून या काळात वीज जाणार असल्याची सूचना आली, की पाणी गोठवलेल्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरून टेकवणे, सकाळीच पडदे ओढून खोली आधी थंड करून घेणे, आणि कोणीतरी घरी असणे, एवढी तयारी हवी. कान लालबुंद होणे, आडवे पडून राहणे, धापा टाकणे, लाळ येणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. तेव्हा त्याला थंड जागी हलवावे, कानांना गार पाण्याने ओलसर केलेले कापड लावावे आणि लगेच पशुवैद्याकडे निघावे. बर्फाच्या पाण्यात कधीही बुडवू नये.

पावसाळ्याचा त्रास वेगळा. जून ते सप्टेंबर तापमान बरे असते, पण हवेतला ओलसरपणा ऐंशी टक्क्यांच्या वर राहतो, आणि चिंचिलाला तो पन्नासच्या आत हवा. ओल्या हवेत दाट फर आतून सुकत नाही, बुरशीला हवी तशी जागा मिळते, साठवलेल्या गवताला कुबट वास येतो आणि अंघोळीच्या धुळीचे गोळे होतात. एसी कोरडेपणाच्या मोडवर चालवावा आणि तापमान व आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल यंत्र पिंजऱ्याच्या उंचीवर टांगावे. एसीच्या रिमोटवरचा आकडा पिंजऱ्यातल्या हवेचा नसतो.

आवाजाचाही विचार करावा लागतो. चिंचिलाची श्रवणशक्ती माणसाच्या श्रवणशक्तीच्या इतकी जवळची आहे की कानाच्या संशोधनात तो अनेक दशके वापरला गेला आहे. आपल्याला जे कर्कश वाटते ते त्यालाही वाटते. गणपतीच्या आधी ढोल पथकांचा सराव जिथे चालतो त्या नदीकाठच्या वस्तीत, किंवा दिवाळीच्या आठवड्यात, नवा प्राणी आणणे टाळता आले तर टाळावे. हवा, वीज, ओल आणि आवाज हे सगळे जमेस धरले तर पुण्यात दत्तक घेण्याचा उत्तम काळ दिवाळीनंतरचा, नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी, असा ठरतो.

पहिले तीन दिवस

पिंजरा भिंतीला टेकून, वर्दळीपासून दूर, एका बाजूने कापडाने झाकलेला असावा आणि आत लपायला लाकडी खोका असावा. आधीच्या ठिकाणी जे गवत, ज्या पेलेट्स आणि पाणी पिण्याची जी पद्धत होती तीच ठेवावी. बाटलीने पिणाऱ्यापुढे वाडगे ठेवले तर तो तहानलेला राहू शकतो. म्हणून आणतानाच जुन्या खाद्याची आठ-दहा दिवसांची शिदोरी मागून घ्यावी आणि नवे खाद्य त्यात थोडे थोडे मिसळत बदल करावा. मुख्य अन्न टिमथीसारखे सुके गवत, तेही चोवीस तास समोर. पेलेट्स दिवसाला एक-दोन चमचे. पुण्याच्या आसपास जनावरांसाठी पिकवतात तो लसूणघास ताजा आणि स्वस्त मिळतो म्हणून तोच रोज घालण्याचा मोह होतो, पण त्यात प्रथिने आणि कॅल्शियम जास्त असते. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला तो सुकवून थोडा चालतो, प्रौढाचे मुख्य अन्न म्हणून नाही. शेंगदाणे, मनुका, बिस्कीट यांतले काही देऊ नये, प्रेमाने दिले तरी.

या दिवसांत त्याला उचलू नये. घाबरलेल्या चिंचिलाला फरने पकडले तर तेवढा फरचा पुंजका तो तुमच्या हातात सोडून देतो. शिकाऱ्याच्या तोंडातून सुटण्याची ती त्याची युक्ती आहे, आणि ती जागा भरून यायला कित्येक आठवडे लागतात. वजनासाठी त्याला खोक्यात स्वतःहून शिरू द्यावे आणि खोक्यासकट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवावे.

वजनाविषयी मी आग्रही आहे, कारण लपवाछपवी करणाऱ्या या प्राण्याला काट्यापुढे काही लपवता येत नाही. रोज एकाच वेळी वजन घेऊन वहीत लिहावे. पाच-दहा ग्रॅमचा चढउतार चालतो. ६०० ग्रॅमचा प्राणी साठ ग्रॅमने उतरला तर लक्षणे असोत वा नसोत, पशुवैद्याला दाखवावे. तसेच लेंड्यांचे. त्या कोरड्या, लांबट, एकसारख्या असाव्यात. लहान झाल्या, कमी झाल्या किंवा थांबल्या, तर पोट मंदावले आहे. चिंचिलाला उलटी करता येत नाही आणि उपाशी राहिल्यास त्याच्या यकृतात चरबी साठू लागते; म्हणून बारा तास काही खाल्ले नाही तर फोन करावा आणि दिवस उलटण्याची वाट पाहू नये.

नायटा: सर्वात चिवट पाहुणा

विलगीकरणात सापडणाऱ्या आजारांपैकी घरच्या माणसांना सर्वाधिक त्रास देणारा हा आजार आहे, कारण तो माणसालाही होतो. नाकाभोवती, डोळ्यांच्या कडेला, कानांवर किंवा पंजांवर केस गळून कोंडा सुटतो आणि कातडी लालसर दिसते. कधी काहीच दिसत नाही, प्राणी फक्त बुरशीचे बीजकण फरमध्ये वाहत राहतो आणि आठवड्यांनी घरातल्या मुलाच्या हातावर गोल चट्टा उठतो.

तपासणीसाठी वापरला जाणारा निळसर-जांभळा दिवा अनेकांना माहीत असतो: अंधारात तो टाकला आणि केस हिरवे चमकले तर बुरशी आहे. चिंचिलांमध्ये मात्र जी बुरशी सर्वाधिक आढळते, ट्रायकोफायटॉन, ती या दिव्याखाली चमकतच नाही. दिव्याने काही दाखवले नाही म्हणजे नायटा नाही असे धरून चालणे ही या विषयातली फार मोठी फसगत आहे. खात्री हवी असेल तर केसांचा नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहावा लागतो आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात; महिन्याच्या मुदतीशी हेही जुळते.

बीजकण वस्तूंवर वर्षभराहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. म्हणून विलगीकरणाच्या पिंजऱ्यात महागड्या लाकडी फळ्या आणि कापडी झोके लावू नयेत. लाकूड निर्जंतुक होत नाही, ते टाकूनच द्यावे लागते. धातूचा पिंजरा, सिरॅमिकचे भांडे, धुता येणारे कापड आणि टाकून देता येणारे खोके एवढ्यावर महिना निघतो. धुताना आधी साबणाने मळ आणि लघवी काढावी, मग पातळ केलेले ब्लीच दहा मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुवावे आणि उन्हात सुकवावे. लघवीवर थेट ब्लीच ओतल्यास घातक वाफा निघतात.

धूळस्नानाचा मुद्दा इथेच येतो. चिंचिला पाण्याने अंघोळ करत नाही. ज्वालामुखीच्या राखेसारख्या अतिसूक्ष्म धुळीत लोळून फरमधले तेल आणि ओल काढतो. हे त्याला लागतेच, पण एका प्राण्याचे धुळीचे भांडे दुसऱ्याला देणे म्हणजे बीजकणांचे वाटप. नव्याचे भांडे वेगळे, धूळ दर वेळी ताजी, आणि नायट्याची शंका असेल तर पशुवैद्य सांगेपर्यंत स्नान बंद. बाहेरून मागवलेली धूळ महाग पडते म्हणून रांगोळी, वाळू किंवा टाल्कम पावडर वापरण्याचा विचार मनात आलाच, तर तो तिथेच सोडावा. रांगोळीचा दगडी भुगा फरमध्ये शिरून ओल टिपत नाही आणि टाल्कम फुप्फुसांत जाते.

कामाचा क्रम

रोज आधी जुन्या प्राण्यांचे सगळे करावे, नव्याचे शेवटी. नव्याच्या खोलीत जाताना वेगळा सदरा किंवा ॲप्रन आणि वेगळ्या चपला, बाहेर येताना साबणाने कोपरापर्यंत हात. झाडू, सुपली, पाण्याची बाटली, वजनाचा खोका, सगळे त्या खोलीचे त्या खोलीत. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही हा क्रम सांगितलेला असावा, नाहीतर एकच झाडू दोन्ही खोल्यांतून फिरतो आणि आपण हात धुतलेले वाया जातात.

घरात दुसरा चिंचिला नसेल, तरी हे सारे कशाला?

कारण काही जंतू जात पाहत नाहीत. ससे, गिनीपिग आणि कुत्रे यांच्या नाकात बॉर्डेटेला नावाचा जिवाणू त्यांना फारसे आजारी न पाडता असू शकतो आणि चिंचिलाला तो न्युमोनिया करू शकतो. म्हणजे इथे धोका जुन्यांकडून नव्याला आहे. माणसाच्या ओठावर तापाने उठणाऱ्या फोडांचा विषाणूही चिंचिलाला बाधल्याची नोंद आहे, त्यामुळे तसे फोड आलेल्याने त्याला तोंडाजवळ घेऊ नये. दुसरा चिंचिला नसेल तर हवेच्या वेगळेपणाचा आग्रह सैल करता येतो. निरीक्षण, वजन आणि हात धुणे सैल करता येत नाही.

पशुवैद्याने तपासला आहे, दत्तक देणाऱ्या संस्थेने आधीच वेगळा ठेवला होता, मग पुन्हा कशाला?

तपासणी ही त्या दिवसाची असते. आज जो नायटा उमटलेला नाही तो डॉक्टरांनाही दिसत नाही. संस्थेने विलगीकरण केले असेल तर त्याची नोंद मागावी: किती दिवस, त्या काळात वजन किती होते, कोणत्या चाचण्या झाल्या, आणि त्याच खोलीत नंतर नवा प्राणी आला होता का. शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारावा, कारण मधे एक नवा प्राणी आत आला की सगळ्यांची मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

पशुवैद्य निवडताना ससे आणि गिनीपिग नियमित पाहणारे शोधावेत, आणि हा शोध प्राणी आणण्याआधी करावा. कुत्र्या-मांजरांना सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधे तोंडावाटे दिल्यास चिंचिलाच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि प्राणी दगावू शकतो. क्लिंडामायसिनचेही तसेच. घरात उरलेले औषध वजनाच्या हिशेबाने कमी करून देणे म्हणूनच जिवावर बेतणारे आहे.

एकटा पडणार नाही का?

चिंचिला कळपात राहणारा प्राणी आहे, त्यामुळे ही शंका रास्त आहे. पण नव्या जागेत आलेल्या चिंचिलाला पहिल्या आठवड्यात सोबतीपेक्षा अंदाज हवा असतो: दिवा किती वाजता लागतो, गवत किती वाजता येते, कोणते पाऊल कोणाचे. संध्याकाळी आणि पहाटे तो जागा असतो. त्या वेळी पिंजऱ्याजवळ खाली बसून पुस्तक वाचावे, हलक्या आवाजात बोलावे आणि हात न घालता उठून जावे. दुसऱ्या आठवड्यात उघडा तळहात दाराशी स्थिर ठेवावा. तो येऊन हुंगेल, कदाचित बोट हलकेच कुरतडून पाहील. चावा आणि चाचपणी यांतला फरक लवकर कळू लागतो. मादी चिडली तर मागच्या पायांवर उभी राहून लघवीची नेमकी पिचकारी मारते, तेव्हा चष्मा असणाऱ्यांनी तो काढू नये. दत्तक आलेल्या प्राण्यांमध्ये काही असे असतात ज्यांनी माणसाचा हात फक्त पकडणारा पाहिलेला असतो; त्यांना महिन्यापेक्षा बराच अधिक वेळ लागतो.

मादी असेल तर

चिंचिलाचा गर्भकाळ सुमारे १११ दिवसांचा असतो. नर-मादी एकत्र असलेल्या ठिकाणाहून आलेली मादी गाभण असू शकते आणि महिना उलटला तरी ते बाहेरून कळेलच असे नाही. नराबरोबर ती शेवटची कधी होती ती तारीख विचारून तिथून १११ दिवस दिनदर्शिकेवर मोजावेत, आणि तोवर वजन सतत वाढते आहे का ते पाहावे. पिल्ले फरसकट आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि काही तासांत धावू लागतात, त्यामुळे पिंजऱ्याच्या रुंद गजांतून ती बाहेर पडतात. प्रसूतीनंतर लगेच मादी पुन्हा माजावर येते, म्हणून त्या वेळी नर जवळ नसणे महत्त्वाचे. खच्चीकरण केलेला नरही पुढे काही आठवडे प्रजननक्षम राहू शकतो.

कागदांचे थोडक्यात

रानटी चिंचिला वन्यजीव व्यापाराच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वाधिक संरक्षणाच्या परिशिष्टात आहे. पाळीव वंशाला त्या करारातून वगळले आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि तिच्या आधारे २०२४ च्या नियमांनी यादीतल्या विदेशी प्राण्यांचा ताबा, हस्तांतरण, जन्म आणि मृत्यू यांची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर करणे बंधनकारक केले. आपला प्राणी पाळीव वंशाचा आहे हे कागदावर दिसले पाहिजे, म्हणून आधीच्या पालकाकडून खरेदीची पावती, नोंद असल्यास तिची प्रत आणि हस्तांतरणाचे लेखी पत्र घ्यावे आणि नोंदणीविषयी वनविभागाकडेच विचारणा करावी.

महिना संपल्यावर

वजन स्थिर, लेंड्या चांगल्या, चाचण्या स्वच्छ आणि कातडी साफ असेल तर पिंजरे एका खोलीत आणता येतात, पण लगेच शेजारी नाही. दोन पिंजऱ्यांत हातभर अंतर असावे, कारण गजांतून बोटे चावण्याचे प्रकार होतात. काही दिवस दोघांची धुळीची भांडी आणि फळ्या आलटूनपालटून द्याव्यात, म्हणजे वास ओळखीचा होतो. महिनाभर जे कटाक्षाने टाळले तेच आता मुद्दाम करायचे असते. मग दोघांनाही अनोळखी अशा जागी, उदाहरणार्थ कोरड्या बाथरूममध्ये कमोडचे झाकण लावून, थोडा वेळ एकत्र सोडावे. पाठलाग आणि एकमेकांवर चढणे चालते. फर उडू लागली, किंचाळणे झाले किंवा रक्त दिसले तर वेगळे करावे आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. नर-मादीची जोडी खच्चीकरणाशिवाय लावू नये.

काही जोड्या दोन दिवसांत एकमेकांना टेकून झोपू लागतात, काहींना महिने लागतात आणि काहींचे कधीच जमत नाही, त्यातही दोन प्रौढ माद्यांचे. न जमल्यास दोन पिंजरे कायमचे वेगळे ठेवावे लागतात, दोन्ही थंड खोलीत आणि दहा-पंधरा वर्षांसाठी. तेवढी जागा आणि तेवढे वीजबिल परवडते का, हे दत्तक अर्जावर सही करण्याआधीच पाहिलेले बरे.